लमाचा होकार

झाहले गावात, नदीकाठच्या हॉटेलात रविवारचं जेवण रंगात आलं होतं. अराक या कडक दारूची बाटली फिरासच्या हातात होती. अराक पुन्हा घ्यायची तर वापरलेला प्याला परत पाठवून नवा भरायचा, ही रीतच. त्यामुळे लमा किती प्यायली, हे टेबलाकडे बघून कुणालाच कळलं नसतं.

फिरास तिला दंडाला धरून गाडीकडे न्यायला लागला, तशी तिची मैत्रीण मिर्ना आडवी आली.

"कुठे नेतोयस हिला?"

"तू मधे मधे करू नकोस. माझ्या खोलीवर येतेस का विचारलं, तर हो म्हणाली. आणि एकच तर प्याला आहे तिच्यापुढे."

"एकच? दर वेळी नवा भरून तूच देत होतास ना रे?"

"बावीस वर्षांची घोडी झालीये ती. विचार की तिलाच!"

मिर्नाने लमाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. लमाची नजर कुठेच ठरत नव्हती.

"लमे, नदीत उतरायचं का गं?"

कठड्याखाली वितळल्या बर्फाचं पाणी फेसाळत धावत होतं, आणि लमाला पोहता येत नव्हतं.

"हो, चल की!" लमा हसली आणि बूट काढायला वाकली, ती तोल जाऊन कठड्यावरच आदळली. मिर्नाने तिला कमरेला धरून सावरलं आणि फिरासकडे मान वळवली.

"हो म्हणाली की रे ती. सांग, ढकलू?"