दादासाठी उतरवलेले वजन

मित्रांनो, बाभळीच्या लाकडातून घडलेला मी एक म्हातारा मुद्गल आहे. खाली जाड, वर निमुळता आणि टोकाला मुठीत मावेल एवढी मान, असा माझा घाट. मुद्गल कधी एकटा नसतो. मलाही एक जोडीदार आहे. आम्ही दोघे एकाच खोडातले. नांदगाव खंडेश्वरच्या एका सुताराने आम्हाला तासले, घासले, तेल पाजले आणि तिथल्या आखाड्यात आणून दिले.

आखाड्यात रोज सकाळी मुले व्यायामाला येत. त्यांत देवमन नावाचा एक उंच, काटक मुलगा होता. तो आम्हाला दोन्ही हातांत धरून डोक्यामागून असा फिरवी की वारा कापल्याचा आवाज येई. "देवमनले पाहा अन् शिका," असे उस्ताद बाकीच्यांना सांगत. ते ऐकून माझेच लाकूड फुगल्यासारखे वाटे. पुढे आखाडा बंद पडला. देवमनला अमरावतीला एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली. निघताना त्याने उस्तादांना विचारून आम्हा दोघांना सोबत घेतले.

काही वर्षे तो आम्हाला नेमाने फिरवत असे. मग पाळीची नोकरी, संसार, मुलांची शिक्षणे आणि शेवटी गुडघेदुखी. आमच्याकडे बघायला त्याला वेळ उरला नाही. माझा जोडीदार गच्चीवर गेला. उन्हाळ्यात देवमनची बायको दुर्गाबाई शेवयांसारखे कणकेचे सरगुंडे वाळत घालायच्या, तेव्हा खालची साडी उडू नये म्हणून तिच्या कोपऱ्यावर त्याला ठेवत. मी पुढच्या दाराशी आलो. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून मला त्याला टेकवून ठेवत. येणारेजाणारे मला पायानेच सरकवत. वाईट वाटायचे. पण दाराशी असल्यामुळे या घराचे सुखदुःख मला जवळून पाहता आले, याबद्दल आज मी त्या दाराचेही आभार मानतो.

देवमन आणि दुर्गाबाईंना दोन मुले. थोरला प्रीतम शाळेत गणित शिकवायचा. धाकटी नीलम अकोल्याला कृषी खात्यात लिपिक होती. ती रोज बडनेरा स्टेशनवरून रेल्वेने जायची आणि अंधार पडल्यावर परत यायची. दिवसभर खुर्ची, वाटेत समोसा, घरी आल्यावर उशिरा जेवण. वर दुर्गाबाईंची माया. "दिवसभर राबून आली माही पोर," म्हणत त्या तिच्या भाकरीवर तेलाची धार धरायच्या. नीलमचे वजन वाढत गेले. घराच्या दोन पायऱ्या चढून ती माझ्याजवळ क्षणभर थांबायची आणि धाप टाकायची. तिला ते कळत होते, पण तिने कधी कोणाला बोलून दाखवले नाही.

मग प्रीतम आजारी पडला. आधी पाय सुजले, मग चेहरा. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचे निदान झाले. त्याला डायलिसिसला न्यावे लागे. तिथून तो परत आला की दारातून आत येईपर्यंत त्याला दोन वेळा टेकावे लागे. सर्वांत मोठे हाल पाण्याचे होते. अमरावतीचा मे महिना, आणि त्याला दिवसभरात मोजके घोटच पाणी प्यायची परवानगी. बाकीच्यांनी त्याच्यासमोर पाणी पिणे बंद केले. दुर्गाबाई तर स्वयंपाकघरात जाऊन पाठ करून पाणी प्यायच्या.

कोणीतरी आपली एक किडनी द्यायला हवी होती. देवमनचे वय झाले होते, दुर्गाबाईंना साखरेचा आजार होता. नीलम म्हणाली, "मी देतो दादाले." तिचे रक्त जुळले. घरात कितीतरी दिवसांनी हसू आले. पण पुढच्या तपासण्या करून ती आली तेव्हा थेट माझ्या शेजारी पायरीवर बसली.

"काय म्हणते डॉक्टर?" देवमनने विचारले.

"माही साखर काठावर हाये. अन् वजन लय जास्त. अशा अंगानं किडनी काढली तर उद्या मलेच धोका होईन म्हणते. आधी वजन उतरवा, मंग या." मग ती पदराशी चाळा करत म्हणाली, "बाबा, दादाच्या आडवं माहं अंगच आलं."

 देवमनने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिच्याशेजारी बसून राहिला.

दुसऱ्याच दिवसापासून नीलम वजनाच्या मागे लागली. ओळखीच्या एका बाईने डब्यातली पावडर दिली. जेवणाऐवजी ती पाण्यात कालवून प्यायची. पहिल्या महिन्यात काटा भराभर खाली आला. मग नीलमचे केस गळू लागले, ती प्रत्येकावर चिडू लागली. पावडर सोडताच गेलेले वजन परत आले आणि येताना थोडे आणखी घेऊन आले. मग ती व्यायामशाळेत गेली. तिथल्या आरशांसमोर तिला इतके अवघडल्यासारखे होई की थोड्याच दिवसांत तिने जाणे सोडले. शेवटी तिने खाणेच टाकले. काकडी आणि लिंबूपाणी, बस्स.

एका सकाळी कामावर निघताना ती माझ्याजवळ आली, दाराला हात टेकवला आणि चक्कर येऊन खाली पडली. तिचा खांदा माझ्यावर आपटला. घरात तेव्हा फक्त प्रीतम होता. आदल्या दिवशीच डायलिसिस झाले होते. भिंत धरत धरत तो आला, तिचे डोके मांडीवर घेतले, तोंडावर पाणी मारले. ती शुद्धीवर आली तेव्हा भाऊ रडत होता.

"काहून असं करून राहिली व?" तो म्हणाला. "उपाशी मरून देशीन तर मले नाई पायजे तुही किडनी."

"दादा, तुह्याजवळ वेळ नाई."

"हाये. डॉक्टरनं सांगतलं, डायलिसिसवर मी दिवस काढू शकतो. मी थांबतो. पण तू नीट कर. मले बहीणबी पायजे."

मित्रांनो, त्या क्षणापासून या घराची दिशा बदलली असे मला वाटते. आतापर्यंत नीलम स्वतःच्या शरीराला शिक्षा देत होती. आता तिने त्याची काळजी घ्यायची ठरवली.

डॉक्टरांनी तिला माधवी नावाच्या आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवले. माधवीबाईंनी तिला काहीही सोडायला सांगितले नाही. तू काय खातेस, कधी खातेस, झोपतेस किती, एवढेच आधी शांतपणे विचारले. मग सांगितले, ज्वारीची भाकर खा, वरण खा, पालेभाजी पोटभर खा, तेल कमी कर, रात्रीचे जेवण लवकर घे, रोज चाल. पाठीला आणि हातांना बळ येईल असा काही व्यायामही कर. "भराभर उतरलेलं वजन भराभर परत येतं," त्या म्हणाल्या. "जन्मभर करता येईल तेवढंच करा."

नीलमने साहेबांना अडचण सांगून बदली अमरावतीला करून घेतली. सर्वांत अवघड गेले ते दुर्गाबाईंना. तेलाची धार न धरता लेकीला वाढायचे म्हणजे मायाच कमी करायची, असे त्यांना वाटे. पण त्यांनी मन घट्ट केले. आंबाडीची भाजी थोड्या तेलात करून पाहिली, बेसनाची पातोडी तळण्याऐवजी वाफवली, आणि सगळ्यांनी तेच खायचे असा नियम केला. प्रीतमचे पथ्य वेगळे होते, त्यामुळे त्याचे ताट मात्र वेगळे असे. पुढे दुर्गाबाईंची स्वतःची साखरही आटोक्यात आली, हा त्या नियमाचा प्रसाद.

आणि व्यायाम? एका सकाळी देवमन दारापाशी आला. गुडघ्यावर हात ठेवून वाकला आणि त्याने मला उचलले. किती वर्षांनी माझ्या मानेभोवती माणसाची मूठ आली होती. त्याने ओल्या फडक्याने मला पुसले, तेल चोळले.

"बाबा, हा तं दाराचा दांडा हाये," नीलम म्हणाली.

"दाराचा नाई, माहा हाये. घे. एकच घे पहिले. दोन्ही हातांनी धर अन् डोक्यामागून हळू आण."

पहिल्या दिवशी मी तिच्या पाठीवर आपटलो. दुसऱ्या दिवशी खांद्यावर. देवमन खुर्चीवर बसून सांगायचा, "जोर नको लावू. त्याच्या वजनानं त्याले जाऊ दे, तू फक्त वाट दाखव." हळूहळू तिला ते जमू लागले. मग गच्चीवरून माझा जोडीदार खाली आला. उन्हाने तो बिचारा तडकला होता, पण देवमनने भेगा भरून घेतल्या. आम्ही दोघे पुन्हा एकत्र फिरू लागलो, तेव्हा मला झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही.

नीलमचे वजन मी उतरवले, असे मी म्हणणार नाही. ते तिच्या चालण्याने, झोपेने, आईच्या हातच्या भाजीने आणि माधवीबाईंच्या धीराने उतरले. त्यात माझाही थोडा हात लागला, एवढेच. मधे तर असे दिवस आले की सगळे नीट करूनही काटा हलेना. नीलम वैतागून मला खाली ठेवायची. तेव्हा प्रीतम खाटेवरूनच म्हणायचा, "पायऱ्या चढताना आता थांबत नाई तू. मी पायतो ना रोज." मग ती मला पुन्हा उचलायची.

वर्ष उलटून गेल्यावर डॉक्टरांनी पुन्हा सगळ्या तपासण्या केल्या. साखर ठीक होती. वजनही त्यांना हवे तेवढे उतरले होते. बहीणभाऊ शस्त्रक्रियेसाठी नागपूरला गेले, आईबाबाही सोबत गेले. घराला कुलूप लागले. आम्ही दोघे आतल्या कोपऱ्यात उभे होतो. दार उघडल्याचा आवाज यावा, एवढीच आमची इच्छा होती.

दार उघडले तेव्हा पुन्हा उन्हाळा लागला होता. आधी नीलम आत आली, पोटाला हात धरून, सावकाश. तिच्यामागे तोंडाला मास्क लावलेला प्रीतम. त्याच्या पायांवरची सूज गेली होती. तो बसला. दुर्गाबाईंनी उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या भरून आणला आणि त्याच्यापुढे धरला. प्रीतमने पेला भरला, मास्क खाली केला आणि न थांबता सगळा पेला प्याला. मग दुसरा.  दुर्गाबाईंनीही एक पेला भरला आणि त्याच्या समोर बसून प्याल्या.

त्यानंतरची गोष्टही सांगायला हवी, कारण वजन उतरले की काम संपले असे पुष्कळांना वाटते. शस्त्रक्रियेनंतर काही महिने जड उचलायचे नव्हते, म्हणून आम्ही कोपऱ्यातच राहिलो. भेटायला येणारा प्रत्येक जण मिठाई आणी. नीलमचे कपडे पुन्हा घट्ट होऊ लागले. औषधांमुळे प्रीतमलाही सारखी भूक लागे आणि त्याचा चेहरा गोल झाला. यावेळी नीलम घाबरली नाही. पावडरही आणली नाही. डॉक्टरांना विचारून ती चालू लागली, आणि प्रीतमला म्हणाली, "चाल दादा, तूबी चाल. एक किडनी तुह्याजवळ हाये, एक माह्याजवळ. दोन्ही सांभाळा लागते."

आता रोज सकाळी दोघे फिरून येतात. मग डॉक्टरांच्या परवानगीने नीलम आम्हा दोघांना फिरवते. प्रीतमला आम्हाला फिरवायची परवानगी अजून मिळालेली नाही. तो बसून तिच्या चुका काढतो. कधी सणावाराला एखादा किलो परत येतो. ती चार दिवस जास्त चालते, आणि तो जातो. माझ्या अंगावर आता रोज तेलाचा हात असतो. या वयात एका लाकडाला याहून जास्त काय हवे?

मित्रांनो, तुमच्या शरीराला उपाशी ठेवून, रागावून, लाजून वागवू नका. त्याला वेळेवर खाऊ घाला, चालवा, झोपवा, ते तुमचे ऐकते. आणि एक विनंती. सकाळी रस्त्यावर एखादे जाड माणूस धापा टाकत चालताना दिसले तर हसू नका. बाजूला होऊन त्याला वाट द्या. ते कोणाला वाचवायला निघाले आहे, ते तुम्हाला ठाऊक नसते.