एकच खर्च, दोन विवरणपत्रं

करसल्लागार बाईंनी आयकर खात्याची नोटीस टेबलावर मधोमध ठेवली.

"पेटंटच्या अर्जाचा खर्च एकच, पण दाखवलाय दोन विवरणपत्रांत. ताईंच्या आणि वर्कशॉपच्या. एकाला तो मागे घ्यावा लागेल."

ताई वेल्डर होती. पातळ पाइप न चेपता वाकवणारं यंत्र तिने चार वर्षं सुट्टीच्या दिवशी खपून बनवलं होतं. अर्जाची फी, वकील, आराखडे, या सगळ्यापायी स्कूटर विकली होती. वडिलांच्या मागे वर्कशॉप धाकट्या भावाच्या नावावर झालं. ती तिथे पगारावर होती.

"माझ्या कपाटातल्या पावत्या कुणी नेल्या?" तिने विचारलं.

"घरातल्या घरात नेल्या काय म्हणतेस?" शेजारच्या खुर्चीतला भाऊ हसला. "कर वाचला तर बरंच आहे की."

"एका वर्षात काही वाचत नाही," बाई म्हणाल्या. "पेटंट ही मालमत्ता. तिचा खर्च वर्षावर्षांत वाटून वजा होतो. आणि मालमत्ता ज्याची, त्यालाच."

भावाने खिशातून घडी केलेला कागद काढला. यंत्र वर्कशॉपचं आहे, असं त्यावर टाइप केलेलं होतं. "सही कर. यंत्राला गिऱ्हाईक ठरलंय."

म्हणजे हा घोळ चुकून झालाच नव्हता. ताईने कागद टराटरा फाडला.

भावाने बाईंच्या देखतच तिच्या मुस्काटात मारली. चष्मा उडून भिंतीवर फुटला. ओठातून रक्त आलं.

"माझ्या छपराखाली बनवलंस, माझी वीज जाळलीस! बघतोच आता!" म्हणत तो जिना उतरला. काय बघणार, हे तिला लगेच कळलं. ती धावत सुटली.

ती वर्कशॉपमध्ये पोचली तेव्हा तो घण घेऊन यंत्रावर तुटून पडला होता. कामगार भिंतीला चिकटून उभे. रोलर निखळून फरशीवर घरंगळत होते.

"थांब! पाया पडते तुझ्या!"

तिने यंत्रावर हात आडवा टाकला. तो थांबला नाही. घण तिच्या उजव्या पंजावर बसला. दोन बोटांचा चेंदामेंदा झाला.

डाव्या हाताने तिने जवळचा पाइप उचलला आणि त्याच्या कोपरावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज आला. तो गुडघ्यावर कोसळला, "ताई, ताई गं," म्हणाला, तरी तिने आणखी दोनदा हाणलं. पाठीवर. मग कामगारांनी तिला धरलं.

दोघांना एकाच गाडीतून इस्पितळात नेलं. खबर मिळताच धावत आलेली आई दोघांच्या मधे बसली, पण कुणाचाच हात धरेना.

बाईंनी पोलिसांना कचेरीतला प्रकार जसाच्या तसा सांगितला. वकिलाने भावाला यंत्रावरच्या हक्काबद्दल गप्प बसायचा सल्ला दिला, आणि वर्कशॉपने खर्चाचा दावा मागे घेतला. भावाचा हात पुन्हा सरळ झाला नाही. ताईची दोन बोटं गेली. खटले दोघांवरही चालू राहिले.

तीन महिन्यांनी बाईंनी दुरुस्त विवरणपत्र तिच्यापुढे ठेवलं. पहिल्या वर्षाचा वाटा वजा केलेला, मालक म्हणून तिचं एकटीचं नाव.

"सही जमेल?"

"डाव्या हाताने शिकतेय."

तिने पेन टेकवलं आणि भावाचं हाड मोडल्याचा आवाज कानात आला. आपण त्या वेळी थांबू शकत होतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिने सही पुरी केली.