निळा पट्टा, तपकिरी पट्टा

ऑफिसात त्यांना वेळापत्रकराव म्हणत, आणि उगीच म्हणत नसत. नोकरी इमारतींचे नकाशे काढायची, त्यामुळे एक रेघ इकडची तिकडे झालेली खपायची नाही. चहा कधी, चालणं कधी, वाचन कधी, सगळं फोनमध्ये बांधून ठेवलेलं. बायकोनं एकदा थट्टेनं विचारलं, "अहो, माझ्याशी बोलायचं कधी ठेवलंय?" तर या गृहस्थानं खरोखर फोन काढून बघितलं!

अशा माणसाला लेकीनं लग्नाच्या वाढदिवसाला स्मार्टवॉच दिलं, म्हणजे आगीत तेलच की. आईलाही तसंच दिलं. दोन्ही घड्याळं हुबेहूब, फरक फक्त पट्ट्यांचा. यांचा निळा, तिचा तपकिरी. कोण किती झोपलं, कोणाची नाडी कशी चालली, ते ज्याच्या त्याच्या फोनवर उतरायचं. वेळापत्रकरावांनी लगेच शिस्त लावली. दर रविवारी दोन्ही पट्टे सोडवायचे, साबणानं धुवायचे, वाळवून परत बसवायचे. बायको म्हणाली, "भांडी पण घ्या की त्यातच." ते काही त्यांनी ऐकलं नाही.

सकाळी डोळे उघडले की वेळापत्रकराव आधी फोन बघत आणि मग आपल्याला कसं वाटतंय ते ठरवत. 'झोप उत्तम' असं दिसलं की ताडकन उठत. पण एका रविवारनंतर काय बिनसलं कोण जाणे, फोन रोज म्हणायला लागला, 'झोप अपुरी. शरीर थकलेलं आहे.' आता हा माणूस म्हणजे उशीला डोकं टेकलं की थेट सकाळ. ते चक्रावून गेले. उठताना तर ताजंतवानं वाटलं होतं! पण यंत्र कशाला खोटं बोलेल? त्याचं काय अडलंय? दुपारपर्यंत त्यांचे डोळे खरंच जड व्हायला लागले. मग जिना चढताना धाप लागायला लागली. आपण थकलोय, की थकल्यासारखं वाटतंय, की नुसतं वाचलंय म्हणून वाटतंय, याचा काही केल्या उलगडा होईना.

"मला रात्र रात्र झोप लागत नाहीये," त्यांनी बायकोला सांगितलं.

ती बघतच राहिली. "अहो, काहीतरीच काय! घोरता की तुम्ही."

"हे बघ ना मग!" त्यांनी फोन पुढे केला. तिनं बघितला, मग आपलाही बघितला आणि हळूच म्हणाली, "मलाच जरा दमल्यासारखं होतंय हो हल्ली."

वेळापत्रकरावांनी तिच्या फोनवर नजर टाकली. "तुझी तर झोप उत्तम! रोज उत्तम! मनाचे खेळ असतात गं. उलट तुझ्या कामावर ती जादा पाळी देतायत ना, ती घेऊन टाक. अशी तब्येत आहे तोवर काम करून घ्यावं माणसानं."

तिनं फोन पुन्हा एकदा बघितला. "तसंच असेल," म्हणाली, आणि पाळी घेतली.

तिचं काम मागच्या खोलीत चालायचं. एका ऑनलाइन दुकानाच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींना लिहून उत्तरं द्यायची. पडद्यावर एका वेळी सहा-सात खिडक्या उघड्या, प्रत्येकीत एकेक चिडलेला माणूस. नवा माणूस आला की टिंग. उत्तराला उशीर झाला की खिडकी लाल.

इकडे वेळापत्रकराव डॉक्टरीणबाईंकडे गेले. "काय होतंय?" असं बाईंनी विचारताच त्यांनी खिशातून फोन काढला.

"फोनचं राहू द्या. तुम्हाला काय होतंय?"

झाली का पंचाईत! काय होतंय ते वेळापत्रकरावांना सांगताच येईना. बाईंनी तपासलं आणि ठणठणीत म्हणून घरी पाठवलं. तरी यांनी रजा टाकलीच, कारण फोन म्हणत होता, विश्रांती घ्या.

रजेच्या दुपारी ते आंघोळीला निघाले. घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, शेजारी फोन. सहज लक्ष गेलं तर फोनवर नाडी चालूच! त्यांनी मनगट चाचपलं. मनगट मोकळं. घड्याळ टेबलावर उताणं पडलेलं, आणि फोनवर आकडा आपला चढतोय. वेळापत्रकरावांची पाचावर धारण बसली. हे काळीज कुणाचं धडधडतंय?

तेवढ्यात मागच्या खोलीत टिंग झालं. आकडा वर गेला. टिंग, टिंग. आणखी वर. मग जरा वेळ शांतता, आणि आकडा किंचित खाली. पुन्हा टिंग.

त्यांच्या डोळ्यांसमोर तो रविवार आला. धुतलेले दोन पट्टे, पुसून ठेवलेली दोन घड्याळं, आणि दोन्ही उचलणारे आपलेच शिस्तीचे हात. ते टॉवेल खांद्यावर तसाच टाकून मागच्या खोलीत धावले.

"अगं, पट्टे! घड्याळांची अदलाबदल झालीय. माझ्याकडूनच झाली. ती न लागलेली झोप माझी नाही, तुझी आहे."

तिची बोटं थांबली. एक खिडकी लाल झाली, मग दुसरी. तिनं मान वळवली, आणि तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्यांनी आज पहिल्यांदा नीट बघितली.

"म्हणजे मी खरंच दमलेय?" तिनं विचारलं, जणू परवानगीच मागत होती. "मला वाटलं, मीच आळशी झालेय. पहाटेपर्यंत टक्क जागी असायचे, कानात टिंग टिंग चालायचं. आणि सकाळी फोन म्हणायचा, उत्तम. मला वाटलं, डोकंच फिरलंय माझं."

"मग सांगायचं नाहीस का मला?"

"सांगितलं की," ती म्हणाली. "आणि तुम्ही शेजारीच होतात."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे कळसा रात्रभर कूस बदलत होता आणि हे घोरत होते. वेळापत्रकरावांना रडू आलं. तिलाही आलं. रडता रडता तिनं डोकं टेबलावर टेकलं, आणि बघता बघता तिला तिथेच झोप लागली.

टिंग.

वेळापत्रकरावांनी आधी आवाज बंद केला. मग तिच्या मनगटावरचं घड्याळ सोडवलं, खुर्ची ओढली आणि दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत प्रत्येक लाल खिडकीत तेच लिहीत गेले: 'नमस्कार. बाई झोपल्यात. जरा थांबता का?'