ओठांपर्यंत आलेली शिट्टी

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. मित्रांनो, स्वभावाने मी पक्की उतावळी. पोटात सतत गोळी घुमत असताना स्वस्थ कसं बसवेल?

माझं सारं आयुष्य बांधकामावर गेलं. पहिले मुकादम मला दिवसभर फुंकायचे. विटा आल्या, फुंक! चहाला उशीर झाला, फुंक! लोक दचकायचे आणि मी फुशारून जायचे. मग हे मुकादमकाका आले आणि माझे दिवसच फिरले. हे मला नुसतं गळ्यात अडकवून हिंडतात. "काकांचं डोकं म्हणजे बर्फाची लादी," असं सगळे कौतुकाने म्हणतात. मी त्यांच्या छातीवर धुसफुसत लोंबकळते.

त्या दुपारी क्रेनने सळयांचा भारा उचलला आणि अचानक वारा सुटला. भारा झोके घेऊ लागला. गच्चीच्या कोपऱ्यात दोन गवंडी होते. क्रेन चालवणारी ताई वर केबिनमध्ये पार गांगरली.

"काका, माझे हातच चालत नाहीयेत," वॉकीटॉकीवर तिचा रडवेला आवाज आला.

काकांनी मला ओठांशी नेलं. चला, आली एकदाची माझी पाळी! पण काका आल्यापासून माझ्या आवाजाचा एकच अर्थ होता, पळा. गवंडी जिन्याकडे धावले असते, आणि जिना नेमका भाऱ्याखाली होता. काकांनी मला सोडून दिलं. मला भयंकर राग आला.

त्यांनी हाताने गवंड्यांना जागीच बसायची खूण केली. मग वॉकीटॉकीवर ताईला सावकाश म्हणाले, "ऐकतेस ना? वारा पडेपर्यंत काहीच करू नकोस. मी इथेच उभा आहे."

आवाज असा, जणू जेवायला हाक मारताहेत. आणि छातीत एवढी धडधड, की मी शर्टाच्या बटणावर टकटक आपटत होते. ते फक्त मला कळत होतं. वारा पडला, भारा अलगद खाली उतरला. गवंडी सुखरूप होते. माझा राग कुठल्या कुठे गेला.

लोकांनी काकांची पाठ थोपटली आणि सगळे कामाला लागले. काका विटांच्या ढिगाआड जाऊन बसले. थोड्या वेळाने ताई तिथे आली.

"काका, तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पण ती वर कशाला पाठवायची? तुझ्याजवळ तुझी होतीच की."

त्यांना पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना. ताईने ते उघडून दिलं आणि शेजारी बसून राहिली.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत असं न डगमगणारं एखादं माणूस असेल. त्याच्या छातीची धडधड तुम्हाला ऐकू येणार नाही. म्हणून जवळ बसून विचारत जा.