अळशीबाबांची लाल पट्टी

मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या हॉलबाहेर त्या रविवारी चपला काढायला जागा उरली नव्हती. आत गादीवर अळशीबाबा विराजमान होते. त्यांचा चमत्कार असा: कच्च्या अळशीचं भिजवलेलं पीठ भरलेली बंद बाटली रोग्याने मांडीवर धरायची. आत झाकणाला एक पिवळी कागदी पट्टी लटकलेली. तासाभराच्या भजनानंतर पट्टी विटकरी लाल!

"रोग ओढला! अळशी तुमचं विष पिते!" बाबा गरजले. "गोळ्या गटारात टाका, रोज चार मुठी कच्ची अळशी खा!"

आमच्या कमळमावशींनी थायरॉईडची गोळी खरंच बंद केली होती. गळा सुजला, जिना चढताना धाप लागू लागली. त्या म्हणत, "विष निघतंय ना, म्हणून!"

त्यांची भाची संघमित्रा प्रयोगशाळेत अळशीच्या निरनिराळ्या जातींमधलं नैसर्गिक विष मोजते. काळजीने आली होती, पण पट्टी बघून तिला हसूच फुटलं.

"बाबा, एक बाटली द्या ना. अजून एक रोगी आहे."

तिने कोपऱ्यातला पेंग्विनच्या आकाराचा कचऱ्याचा डबा पुढे ओढला आणि बाटली त्याच्या चोचीत ठेवली. मावशींच्या मांडीवर मात्र तिने त्यांच्याच घरून भिजवून आणलेल्या कणकेची बंद बाटली ठेवली. पट्टी बाबांचीच.

"देवाची चेष्टा!" बाबा उसळले.

"चालू द्या हो भजन," सोसायटीतले मधुकरकाका म्हणाले. "बघू तरी."

तासाभराने पेंग्विन लाल, मावशी पिवळ्याच.

"पेंग्विनलापण थायरॉईड?" मागून कुणीतरी विचारलं. हॉलमध्ये हशा पिकला.

"हॉलमधल्या सगळ्यांचा रोग त्यात गेला!" बाबांनी घाम पुसला.

"मग कणकेत का नाही गेला?" संघमित्रा म्हणाली. "मावशी, कच्ची अळशी दळून भिजवली की तिच्यातूनच सायनाइडचा वायू सुटतो. त्याने पट्टीला लावलेलं रसायन लाल होतं. लॅबमध्ये आम्ही हेच करतो. काही जातींत जास्त, काहींत कमी. भाजलेल्या अळशीची चमचाभर चटणी खुशाल खा. पण रोज मूठमूठ कच्ची खाऊन थायरॉईडची वाट लागेल. विष अळशीत जात नाही गं, अळशीतून तुझ्यात येतंय."

मावशी ताडकन उठल्या. "मेल्या, चांगल्या गोळ्या फेकायला लावल्यास मला!"

बाबांना अचानक ध्यानाची वेळ आठवली. मावशी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेल्या. गोळी सुरू झाली, हळूहळू धापही कमी झाली.

कुणी चमत्कार दाखवला तर हात जरूर जोडा. पण आधी एवढं विचारा: रोगी नसताना हेच करून दाखवता का?