प्रोफेसर शेवाळ्यांच्या आईचं मरण

प्रोफेसर सयाजीराव शेवाळ्यांच्या आईला मरून चौदा वर्षं झाली होती आणि तिची प्रकृती उत्तम होती.

मेली होती ती इंग्रजीत. मराठीत ती इस्लामपूरच्या पुढं, कृष्णाकाठच्या एका गावात थोरल्या मुलाकडं राहत होती, दोन वेळा पोटभर जेवत होती आणि उरलेल्या वेळात बांधावरून शेजाऱ्यांची खरडपट्टी काढत होती.

त्याचं असं झालं. सातारच्या हायस्कुलात पहिला आला म्हणून कुणा संस्थानिकाच्या मेहरबानीनं सयाजी विलायतेला गेला, तो बॅरिस्टर व्हायला. पण तिथं जो भेटेल तो त्याला आत्म्याबद्दल विचारी. कायद्याबद्दल कुणी विचारीना. तिकडं बॅरिस्टर पैशाला पासरी आहेत आणि आत्म्याची मात्र टंचाई आहे, हे चाणाक्ष सयाजीच्या ध्यानात आलं. त्यानं तत्त्वज्ञान घेतलं. यथावकाश उत्तरेकडच्या एका धुकट गावातल्या विद्यापीठात तो पौर्वात्य विचार शिकवू लागला आणि फावल्या वेळात त्यानं कादंबरी लिहिली.

पहिल्या खेपेला त्यानं आई होती तशी लिहिली. दातांना मिश्री, कमरेला पदर खोचलेला, गुऱ्हाळावर उभी राहून गड्यांना शिव्या घालणारी. प्रकाशकानं हस्तलिखित परत पाठवलं. म्हणाला, बाई जिवंत वाटते, पण हिंदुस्थानी वाटत नाही. सयाजीरावांनी आठवडाभर विचार केला आणि आईला उपाशी ठेवलं. वीसएक पानं उपाशी ठेवलं, शेवटचा मूठभर भात मुलाच्या ताटात वाढायला लावला आणि मारलं. कादंबरी धो धो खपली. ते प्रकरण तिकडच्या शाळांतून शिकवू लागले.

लोक समजले, हे खरंच घडलेलं. सयाजीरावांनी तसं नव्हे म्हणून सांगितलं नाही. प्रोफेसरानं एकेक गैरसमज दूर करत बसायचं म्हटलं, तर शिकवायचं कधी? ते जिच्या घरी भाड्यानं राहत, त्या म्हातारीनं तर तुमच्या आईचा दिवस कुठला म्हणून विचारलं. दर साली ती मेणबत्ती लावणार होती. सयाजीरावांनी नोव्हेंबरातला एक दिवस सांगितला. एरवीही त्या महिन्यात तिकडं काही होत नाही. आता हीच म्हातारी त्यांची पत्रं टपालात टाकी. मेलेल्या बाईच्या नावानं पाकीट तिच्या हातात कसं द्यायचं? म्हणून पत्रं थांबली. तात्पुरती. मग लढाई लागली आणि तात्पुरतं ते कायमचं झालं.

सन सेहेचाळीसच्या थंडीत सयाजीराव परत आले. प्रकाशकाला दुसरी कादंबरी हवी होती. तिच्यात नायक घरी परततो असं ठरलं होतं आणि त्यासाठी एकदा घरी परतणं भाग होतं. सांगलीच्या एका व्याख्यानमालेनं 'भारतीय जीवनात मातेचं स्थान' हा विषय देऊन त्यांना बोलावलंच होतं. मालेचे चिटणीस आप्पासो यांनी कुणाकुणाच्या हातापाया पडून पेट्रोल मिळवलं आणि व्याख्यानाच्या दिवशी सकाळीच मोटार गावाकडं काढली.

वाटेत सयाजीरावांनी भेटीचा प्रसंग मनात दोनदा रंगवला. आई धावत येईल. नाही, धावणार नाही, दारातच थबकेल. थबकलेली बरी.

आई दारात नव्हती. गुऱ्हाळ चालू होतं आणि सगळा गाव रस प्यायला तिथं जमला होता. थोरला भाऊ जोतीराम काहिलीतला गूळ ढवळत होता. त्यानं मोटारीतून उतरलेल्या साहेबाकडं एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं आणि हात न थांबवता म्हणाला,

"आलास व्हय? बस जरा. काहील उतरायला आली हाय."

सयाजीराव उसाच्या मोळीवर बसले. आई चुलवाणाच्या पलीकडं घोंगड्यावर बसली होती. केस पांढरे झालेले, अंगानं चांगली भरलेली. तिनंही बघितलं. पण ती उठली नाही.

"आई," सयाजीराव म्हणाले.

"पाव्हण्यांस्नी रस द्या रं," आई म्हणाली.

पाव्हणे हा शब्द सयाजीरावांना जरा खटकला. ते पाया पडायला उठले, तशी लालासाहेब सुभेदारांनी त्यांची बाही धरली. सुभेदार पेन्शनर. इटलीतून परतून वर्ष झालं होतं, तरी खाकी कोट अंगावरून उतरला नव्हता.

"दमा प्रोफेसरसाब. न्हाईतर उगं घोळ हुयाचा. त्याचं काय हाय, आमी तुमाला जाळलंय."

"काय केलंय?"

"जाळलंय. दोन सालं झाली."

हे गाव लष्करी. पहिल्या जर्मन लढाईत बसऱ्याला गेलेले किती तरी परतले नव्हते आणि सरकारला त्यांचा पत्ता नव्हता. तेव्हापासून गावाला सवयच होती. बारा वर्षं वाट बघायची. मग दर्भाचा पुतळा करायचा, त्याला नारळाचं डोकं लावायचं, नदीवर न्यायचा आणि रीतसर अग्नी द्यायचा. सयाजीचा नंबर लागला तेव्हा त्यालाही दिला.

"नारळ चांगला बघून घेतला हुता," जोतीराम काहिलीकडून म्हणाला. "लय शिकलेलं डोस्कं म्हणून."

चारजण हसले. सयाजीरावही हसले, कारण प्रसंग त्यांना आवडू लागला होता. घरी परतणारा नायक आणि घरच्यांनी त्याला जाळलेलं! असलं प्रकरण त्यांना जन्मात सुचलं नसतं.

"पण मी तर जिवंत आहे."

"ते म्या सांगितलं की," सुभेदार म्हणाले. "इटलीत इस्पितळात पडलो हुतो तवा एका गोऱ्या साबानं तुमचं पुस्तक दिलं. मागं फोटू हुता. आल्या आल्या राहीबाईस्नी दावला."

"मग? आई काय म्हणाली?"

"बरा दिसतोय, म्हणाल्या. आन शेण लावाय गेल्या."

यावर तोडगा होता. गोपाळभट रसाचा तांब्या घेऊन तिथंच बसले होते. त्यांनी मिशा पुसून शास्त्र सांगितलं. ज्याचं क्रियाकर्म झालं आणि जो जिताजागता परत आला, त्यानं पुन्हा जन्म घ्यायचा. तुपानं न्हायचं, आईच्या मांडीवर बसायचं, आईनं पोटचा म्हणून घ्यायचं आणि कानात नाव सांगायचं. की झाला माणूस जिवंत.

"तूप बाकी लय लागंल," कुणी तरी म्हणालं. "पाव्हणं दांडगं हायती."

"रेशनिंगचे दिवस आहेत. शिंपडलं तरी शास्त्राला चालतं," गोपाळभट म्हणाले. "मांडीवर मात्र बसावं लागेल. तिथं सवलत नाही."

सयाजीरावांनी कोट काढला. अजूनपर्यंत ते मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. पण आईसमोर जाऊन उभं राहिल्यावर तिच्या अंगाचा वास आला. राख, मिश्री आणि गुळाची मळी. चौदा वर्षांत हा वास त्यांनी एका ओळीतही लिहिला नव्हता. वाक्यं एकाएकी थांबली. आपल्याला हिच्या मांडीवर बसायचंय, खरोखरच बसायचंय आणि पुस्तकाचं काय व्हायचं ते होवो, असं त्यांना वाटलं. असं वाटण्याची त्यांना सवय नव्हती.

"आई, घे मला."

आई म्हणाली, "आधी सांग. म्या कशी मेले?"

काहिलीवरच्या फावड्याचा आवाज थांबला.

"ते... ते पुस्तक आहे, आई. कल्पना असते."

"सुभेदारानं सांगितलंय. पर त्याला अर्धंमुर्धं कळतं. तू सांग. आपल्या भाषंत सांग."

सयाजीराव सांगू लागले. हे प्रकरण त्यांनी कितीतरी सभांतून वाचून दाखवलं होतं आणि प्रत्येक सभेत रुमाल निघाले होते. मराठीत ते चार वाक्यांत संपलं. दुष्काळ पडला. घरात मूठभर तांदूळ उरला. तो तू मला वाढलास. आणि तू गेलीस.

"भात?" आई म्हणाली. "आपल्यात कवा भात असतोय रं? सणाला."

"तिकडच्यांना जोंधळा कळत नाही."

"आन जोतीराम कुठं हुता, म्या उपाशी मरताना?"

सयाजीरावांनी काहिलीकडं बघायचं टाळलं.

"शिंदीच्या दुकानात," सुभेदारांनी माहिती पुरवली. "पान एकशे चाळीसला."

जोतीरामनं फावडं काहिलीवर आडवं ठेवलं. तो माळकरी. जन्मात शिंदीला शिवला नव्हता. "व्हय रं सया?" एवढंच तो म्हणाला आणि पुन्हा गुळाकडं वळला.

"आन मला अग्नी कुणी दिला?" आईनं विचारलं.

"तेवढं नाही लिहिलं. प्रकरण तिथंच संपतं."

"म्हंजी तशीच टाकलीस." आईनं पदर सारखा केला. "तुझं आमी समदं केलं, बाबा. धाव्याला पिंड ठिवला. कावळा शिवंना. समोर झाडावर बसल्यालं कावळं, पर एक खाली येईना. जोतीराम म्हणला, आईला बघीन. न्हाई शिवला. तुझ्या नावानं हीर बांदीन म्हणला. न्हाई शिवला."

"मी जिवंत होतो, आई. म्हणून शिवत नव्हता."

"आता कळतंय. तवा काय कळणार? उनं कलली. मानसं उपाशी. शेवटाला म्या उठले. म्हणलं, सया, माझ्यात जीव अडकला असंल तुझा. सोडला तुला. आजपास्नं तू माझा न्हाईस, म्या तुझी न्हाई. मोकळा हो. तोंडातनं शबुद पडला आन कावळा आला."

गोपाळभट तांब्यात बघत राहिले.

"अगं, पण ते चुकून म्हणालीस तू! मी मेलो समजून!"

"चुकून म्हणले. पर म्हणले."

"भटजी, सांगा ना हिला. याला काही प्रायश्चित्त असेल."

"शास्त्रात आहे," गोपाळभट हळूच म्हणाले. "पण मांडी तिची आहे."

सयाजीराव आईच्या पायाशी बसले. "आई, एका कावळ्यासाठी?"

"तू पुस्तकात काय बी बोल, लेकरा," आई म्हणाली. लेकरा म्हणाली, पण तसं ती रस्त्यानं जाणाऱ्यालाही म्हणत असे. "तुझं ते कामच हाय. म्या चारचौघांत, नदीवर, कावळ्याला बोललेय. आन तूबी मला मारलंसच की. फिटलं. आता जेवून जावा. पाव्हण्याला उपाशी धाडायची रीत न्हाई आमच्यात."

ते जेवले नाहीत. आईनं दोन भाकऱ्या, झुणका आणि ताज्या गुळाचा खडा फडक्यात बांधून मोटारीत ठेवायला लावला. जोतीरामनं मोटारीच्या दारापर्यंत येऊन राम राम केला. पाव्हण्यांना करतात तसाच, वाकून.

परतीच्या वाटेवर आप्पासो व्यवस्थेबद्दल बोलत होते. हॉल भरणार, बायकांची वेगळी सोय आहे. सांगलीला पोचले तेव्हा व्याख्यानाला अवकाश होता. सयाजीरावांनी मोटार नदीकडं घ्यायला लावली. घाटाच्या कट्ट्यावर ते बसले, फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडापर्यंत नेऊन पुन्हा ठेवला. सबंध फडकं त्यांनी कट्ट्यावर सरकवलं आणि वाट बघत बसले. झाडावर कावळे होते.

त्यांना वाटलं होतं, निदान थोडा वेळ तरी लागेल.

पहिला कावळा त्यांनी हात मागं घ्यायच्या आतच आला. मग दहा-बारा आले. भाकऱ्या गेल्या, झुणका गेला, गुळाच्या खड्यावरून दोघांची झोंबाझोंबी झाली.

"साहेब, इथले कावळे फार माजलेत," आप्पासो घड्याळाकडं बघत म्हणाले. "कशालाही तोंड लावतात. चला, बायका येऊन बसल्यात."

सयाजीरावांनी फडकं झटकलं, घडी करून खिशात घातलं आणि ते मातेचं स्थान सांगायला निघाले. व्याख्यान उत्तम झालं. पुढच्या रांगेतल्या पुष्कळ बायका रडल्या.