मापावरची ओंजळ

माझा स्वभाव तिरसट, हे भडगावात कुणीही सांगेल. आमच्या शेतकरी गटाच्या दादर ज्वारीला ब्लॉकचेनचं प्रमाणपत्र मिळणार म्हटल्यावर मी म्हणालो होतो, दादर चावून कळते, मोबाइलला काय कळणार कपाळ.

मग जळगावच्या कंपनीतली दिपमाला खळ्यात मांडी घालून बसली आणि समजावू लागली. शेत कुणाचं, वजन किती, सगळं जागच्या जागी नोंदवायचं. ती नोंद एकाच वेळी गटाकडे, गिरणीकडे आणि पुण्याच्या दुकानाकडे जाते, आणि प्रत्येक नोंदीची गाठ आधीच्या नोंदीला मारलेली असते.

"एकदा लिहिलं की पुसता येत नाही, काका. आमच्या मालकांनासुद्धा नाही."

मालकालाही पुसता येत नाही अशी गोष्ट मी जन्मात पहिल्यांदा ऐकली. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

पहिला माल माझ्या वहिनीचा, प्रमिलाबाईंचा. त्यांच्या दादरचं गिरणा नदीच्या काठी नाव आहे. पोती जळगावच्या गिरणीत पोचली आणि दुसऱ्याच दिवशी दिपमाला तोंड पाडून परत आली. प्रमाणपत्र अडलं होतं. खळ्यात नोंदवलं त्याहून गिरणीत वजन जास्त भरलं. शेतानं दिली त्याहून जास्त ज्वारी पोचली, म्हणजे बाहेरची मिसळली असणार. नोंदीत शब्द पडले होते, भेसळीचा संशय.

वहिनी ओट्यावर मटकन बसल्या. "मन्ही दादरमा भेसळ?"

काट्यावर मीच होतो, म्हणून मला लगेच उमगलं. वजन झाल्यावर, पोतं शिवायच्या आधी, वहिनींनी प्रत्येक पोत्यात वरून एक ओंजळ टाकली होती. आमच्याकडे टाकतातच, नुसतं कोरं माप कुणी देत नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नाही.

"मापवर ओंजय तं टाकनीच पडस," वहिनी म्हणाल्या. "कोरं माप देवानी आपली रीत नही शे. ते पुसी टाक नं, माय."

"पुसता येत नाही, अक्का. पण त्याच्यापुढे खरं जोडता येतं."

तिनं वहिनींना काट्यावर ओंजळ रिती करायला लावली. त्या वजनाला पोत्यांनी गुणलं. गिरणीत जितकं जास्त भरलं होतं, जवळपास तितकंच आलं. मी त्या आकड्याकडे बघतच राहिलो. वहिनींचा हात इतका सारखा पडतो हे घरात आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं.

दिपमालानं पुढची नोंद जोडली: जास्तीची ज्वारी त्याच शेतातली, प्रमिलाबाईंनी मापावर टाकलेली ओंजळ. आता गिरणी आणि दुकान, दोघांनी मान्य केलं तरच प्रमाणपत्र. गिरणीचा होकार लगेच आला. दुकान गप्प होतं. वहिनी त्या दिवशी जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिपमालानं मोबाइल त्यांच्यापुढे धरला. संशयाच्या खाली होकार, होकाराच्या खाली प्रमाणपत्र, आणि त्याच्या खाली दुकानदारानं आपणहून जोडलेली एक ओळ. तिनं वाचून दाखवली.

"ओंजळ मिळाली."

वहिनींनी परत वाचायला लावलं. लग्न होऊन आल्यापासून त्या मापावर ओंजळ टाकत आल्या. ती कुठे गेली, कुणाच्या भाकरीत पडली, त्यांनी कधी विचारलं नाही.

"आजलगून कोनी सांगं नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला.